सीयूसीव्ही घरी सांभाळताना: अमेरिकी लष्कराच्या जुन्या डिझेल पिकअपची देखभाल-दुरुस्ती

१९८०च्या दशकात अमेरिकी लष्कराने नवीन लष्करी गाडी घडवून घेण्याऐवजी शेव्हरोलेची बाजारातलीच पिकअप थोडे फेरफार करून घेतली. तीच सीयूसीव्ही (कमर्शियल युटिलिटी कार्गो व्हेइकल). एम१००८ हा सव्वा टनी भारवर्गाचा पिकअप आणि एम१००९ ही ब्लेझर एसयूव्ही, ही तिची दोन नेहमी दिसणारी रूपं. लष्कराने त्या काढून टाकल्यावर सरकारी लिलावांतून त्या लोकांच्या हातात आल्या, आणि आजही अमेरिकेत बऱ्याच घरांपुढे उभ्या दिसतात. ६.२ लिटरचं व्ही८ डिझेल इंजिन, १३५ अश्वशक्ती, टर्बो नाही, संगणक नाही. घरी दुरुस्त करायला याहून सोपी डिझेल गाडी मिळणं अवघड. अमेरिकेत घराला गॅरेज असलेल्या ज्या मराठी वाचकांनी अशी गाडी घेतली आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. या गाडीचं इंजिन क्वचितच मरतं. ‘इंजिन गेलं’ म्हणून स्वस्तात विकलेल्या सीयूसीव्हीत बहुतेक वेळा वायरिंग, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारे प्लग) किंवा डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा, यांतलंच काहीतरी निघतं. म्हणून तपासणीचा क्रम ठरवून घ्या: आधी वीज, मग डिझेल, मग ऑइल-पाणी, मग ब्रेक. इंजिन उघडायचा विचार सगळ्यात शेवटी.

सुरुवातीची तयारी

गाडी घेताना एसएफ-९७ हा सरकारी दाखला विक्रेत्याकडे आहे का, किंवा त्यावरून राज्याने दिलेलं टायटल (मालकीचा कागद) आहे का, ते पाहा. दोन्ही नसेल तर नोंदणीत अडकाल.

लष्कराची देखभाल पुस्तकं सार्वजनिक आहेत आणि फुकट मिळतात. टीएम ९-२३२०-२८९-१० चालकासाठी, -२० रोजच्या देखभालीसाठी आणि -३४ मोठ्या दुरुस्तीसाठी. -२० मधला वायरिंगचा नकाशा छापून गॅरेजच्या भिंतीवर लावा. तो नकाशा नसताना डॅशबोर्डखाली हात घालू नका.

अवजारांत मिलिमीटर आणि इंच, दोन्ही मापांचे पाने लागतील. इंजिनावर बहुतेक मिलिमीटरचे बोल्ट आहेत, चेसिसवर दोन्ही सापडतात. चांगला मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, टॉर्क पाना आणि निदान ३ टनी जॅक स्टँडची जोडी हवी. एम१००८ रिकामी असली तरी अडीच टनांहून जड आहे, तेव्हा नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा.

वीज: १२ आणि २४ व्होल्ट एकाच गाडीत

भारतातल्या मोठ्या ट्रकमध्येही दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून २४ व्होल्ट घेतात, पण तिथे सगळी गाडीच २४ वर चालते. सीयूसीव्हीत तसं नाही. सेल्फ (स्टार्टर मोटर), मूळ रचनेतली ग्लो प्लगची लाइन आणि पुढच्या जाळीतलं लष्करी जंप सॉकेट २४ व्होल्टवर आहेत. दिवे, वायपर, हॉर्न आणि डिझेल पंपाचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबकी खटका) १२ वर. नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो आणि भागही इथेच जळतात.

दोन्ही बॅटऱ्या बॉनेटखाली एकामागे एक आहेत. पुढच्या बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला, पॉझिटिव्ह मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हला. म्हणजे पुढची बॅटरी एकटी सगळा १२ व्होल्टचा भार ओढते आणि मागचीच्या पॉझिटिव्हवर २४ मिळतात. अल्टरनेटरही दोन आहेत. ड्रायव्हरच्या बाजूचा जेन-१ पुढच्या बॅटरीसाठी, पलीकडचा जेन-२ मागच्या बॅटरीसाठी. जेन-२ चा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला नसतो, त्यामुळे दुकानात मिळणारा साधा अल्टरनेटर तिथे बसवला की सरळ शॉर्ट होतं. निगेटिव्ह बॉडीपासून वेगळा असलेलाच अल्टरनेटर मागा.

तपासणी अशी करा:

१. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी प्रत्येक बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. दोन्हींमध्ये ०.३ पेक्षा जास्त फरक असेल तर आधी त्यांचा निकाल लावा.

२. इंजिन चालू करून पुन्हा मोजा. प्रत्येक बॅटरीवर १३.८ ते १४.४. पुढची कमी दाखवत असेल तर जेन-१ किंवा त्याची वायर, मागची कमी दाखवत असेल तर जेन-२.

३. फायरवॉलवरचे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचे) टर्मिनल ब्लॉक, बॅटरीपासून बॉडीपर्यंतची आणि इंजिनपासून बॉडीपर्यंतची अर्थ वायर सोडवून घासून लख्ख करा. सेल्फ मंद फिरण्याचं सगळ्यात स्वस्त कारण हेच.

बॅटऱ्या बदलायच्या तर जोडीने, एकाच मेकच्या, एकाच वयाच्या. एक नवी आणि एक जुनी लावली की जुनी नवीलाही लवकर संपवते. दुसऱ्याच्या १२ व्होल्टच्या गाडीवरून जंप द्यायचा असेल तर एका वेळी एकाच बॅटरीच्या दोन टोकांवर द्या. १२ व्होल्टचा चार्जर दोन्ही मिळून लावू नका. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.

सेल्फचा रिले

डॅशबोर्डखाली एक छोटा रिले असतो. चावीच्या १२ व्होल्टवर तो सेल्फच्या सोलेनॉइडला २४ व्होल्ट देतो. वयोमानाने त्याचे पॉइंट चिकटतात. मग चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो, आणि इंजिन सुरू झालेलं असेल तर काही मिनिटांत सेल्फ जळतो, केबलही पेटू शकतात. ही आगीची बाब आहे, म्हणून गाडी घरी आणल्यावर पहिली सुधारणा हीच करा.

पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर हाताने फिरवायचा मेन स्विच बसवा. सेल्फ अडकला तर तो बंद करायचा. गाडी उभी ठेवतानाही तो बंदच असू द्या. मग फायरवॉलवर जाड पॉइंटचा, १२ व्होल्ट कॉइलचा स्टार्टर रिले लावा. चावीचा इशारा त्याच्या कॉइलला द्यायचा आणि सेल्फच्या सोलेनॉइडकडे जाणारे २४ व्होल्ट त्याच्या जाड पॉइंटमधून न्यायचे. दोन तासांचं काम आहे.

सेल्फ उतरवताना आणखी एक बघा. त्याच्या रेडिएटरकडच्या टोकाला इंजिनाच्या ब्लॉकशी जोडणारी एक पट्टी असते. आधीच्या कुणीतरी कंटाळा करून ती फेकून दिलेली असते. ती नसेल तर जड सेल्फ फक्त दोन बोल्टांवर लटकतो, हिसक्याने त्याचं नाक तुटतं, आणि नशीब वाईट असेल तर ब्लॉकचा कान फुटतो. कान फुटला की इंजिनच बदलावं लागतं. पट्टी शोधा, विकत घ्या, नाहीतर बनवून घ्या, पण तिच्याशिवाय सेल्फ बसवू नका. बोल्टही रेघा असलेले खास मिळतात, तेच वापरा. साध्या बोल्टाने सेल्फचं दातांशी जुळणं बिघडतं.

ग्लो प्लग

या इंजिनात इंधन आधी छोट्या पूर्वकक्षात पेटतं. थंड असताना ग्लो प्लगशिवाय ते सुरू होत नाही, उन्हाळ्यातही. चावी फिरवल्यावर डॅशवरचा ‘वेट’ दिवा विझेपर्यंत सेल्फ मारायचा नाही.

मूळ रचनेत २४ व्होल्ट फायरवॉलवरच्या रेझिस्टरमधून खाली आणून आठ प्लगना देतात. हे गणित आठही प्लग चांगले असतील तोवरच जमतं. एक प्लग गेला की एकूण करंट घटतो, रेझिस्टरमध्ये कमी व्होल्ट पडतात आणि उरलेल्या सातांवर जास्त व्होल्ट येतात. मग दुसरा जातो, मग तिसरा. म्हणून एक जळालेला प्लग दुर्लक्षित केला की थोड्याच दिवसांत चार जळालेले सापडतात.

प्लग तपासायला सगळ्यांच्या वायरी काढा. टेस्ट लॅम्पचा चिमटा पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून टोक एकेका प्लगच्या पत्तीला टेकवा. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत आहे. मीटरवर चांगला प्लग २ ओहमच्या आत दाखवतो. सगळे चांगले असूनही गाडी धरत नसेल तर कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि प्लगच्या वायरीवर व्होल्ट मोजा. काहीच येत नसेल तर फायरवॉलवरचा ग्लो रिले किंवा डॅशखालचं कंट्रोल कार्ड तपासा. कार्ड बिघडून रिले सतत चालू राहिला तर प्लग फुगतात आणि जळतात. इंजिन सुरू झाल्यावर रिलेची टिकटिक थोडा वेळ चालणं साहजिक आहे. इंजिन तापल्यावरही प्लगला वीज मिळत असेल तर दोष आहे.

दुरुस्ती अशी:

१. रेझिस्टरला येणारी २४ व्होल्टची वायर काढून ग्लो रिलेला थेट १२ व्होल्टच्या टर्मिनल ब्लॉकवरून फीड द्या. एका प्लगच्या जळण्याने बाकीचे जळण्याची साखळी इथे तुटते.

२. आठही प्लग एकदम बदला. एसी ६०जी हा प्लग तापल्यावर स्वतःच करंट कमी करतो, त्यामुळे तो फुगून अडकत नाही. किंमत थोडी जास्त पडते, पण बचत इथे करू नका.

३. जुने प्लग काढताना घाई नको. मुळाशी गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा, इंजिन थोडं कोमट असताना हळूहळू मागेपुढे करत सोडवा. उजव्या बाजूचे मागचे प्लग वरून दिसत नाहीत. पुढचं चाक काढून कमानीतून हात घातला की सापडतात.

४. प्लग आटे सुटूनही बाहेर येत नसेल तर त्याचं टोक फुगलं आहे. जोराने ओढलं तर टोक तुटून पूर्वकक्षात पडतं. तसं झालं तर त्या सिलिंडरचं डिझेल फवारणारं नोझल काढून त्या भोकातून तुकडा बाहेर काढा. तोवर इंजिन सुरू करायचं नाही.

५. नवे प्लग हाताने बसवत आणा, शेवटी अगदी हलकं कसा. ८ ते १२ फूट-पाउंड पुरतात.

ईथरचा स्प्रे कधीही मारू नका. तापलेल्या ग्लो प्लगसमोर ईथर वेळेआधी भडकतं, पिस्टनच्या रिंगा तुटतात, कधी हेडही जातं. लिलावातली गाडी ‘एका फवाऱ्यात सुरू होते’ असं कुणी कौतुकाने सांगितलं तर भाव कमी करून मागा.

डिझेल: लाइनने हवा धरली की

रात्रभर उभी राहिल्यावर सुरू व्हायला त्रास, सुरू होऊन दहा सेकंदांत बंद, मग पुन्हा सेल्फ. ग्लो प्लग चांगले असतील तर हे हवेचं लक्षण समजा. टाकी मागे आणि खाली, पंप पुढे आणि वर. वाटेत कुठेही रबर तडकलं की डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून ओला डाग दिसत नाही आणि लोक पंपावर संशय घेतात.

पंपाच्या डोक्यावरून निघणाऱ्या रिटर्न लाइनमध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप घाला. इंजिन चालवून बघा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येऊन थांबले तर ठीक. येतच राहिले तर मागून पुढे शोधत या: टाकीवरचे रबर पाइप, चेसिसच्या लोखंडी लाइनचे गंजलेले भाग, फीड पंपाआधीचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाआधीचा) रबर पाइप, मग फिल्टरची बैठक. चाळीस वर्षांचं रबर हाताने वाकवलं की तडे दिसतात. तपासत बसण्यापेक्षा सगळे रबर पाइप डिझेलच्या प्रतीचे नवे घाला. नोझलांना जोडणारे रिटर्नचे छोटे तुकडे आणि शेवटच्या टोप्याही त्याच दिवशी बदला, सगळं मिळून फार खर्च नाही.

फिल्टर फायरवॉलवर आहे, चौकोनी, दोन तारेच्या क्लिपांनी धरलेला. बदलताना जुन्याची रबर सील बैठकीला चिकटून राहिली नाही ना, ते बोटाने चाचपून बघा. दोन सील एकावर एक बसल्या की हवा ओढणारच. बदलल्यावर हवा काढायची पद्धत:

१. पंपावरची गुलाबी वायर काढा. ती डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडची आहे, ती काढली की इंजिन पेट घेत नाही.

२. फिल्टरवरची एअर काढायची चकती उघडून तिला पाइप लावा, टोक डब्यात.

३. १० सेकंद सेल्फ मारा, निदान मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. बुडबुड्यांशिवाय डिझेल आलं की बंद करा.

४. गुलाबी वायर जोडा, ग्लो प्लग तापू द्या, सेल्फ मारा.

ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा पडदा फाटला आहे. गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. फीड पंप स्वस्त आहे आणि दोन बोल्टांवर बसतो, पण तो काढला की आतला दांडा खाली घसरतो. त्याला जाड ग्रीस लावून वर चिकटवा आणि मग पंप बसवा. नंतर ऑइल आणि फिल्टर बदला.

मुख्य पंप स्टॅनडाइनचा डीबी२ आहे. त्याच्या आत पूर्वी एक लवचीक प्लास्टिकची रिंग असायची. ती जुनी होऊन कुसकरते, आणि काळ्या कणांनी रिटर्नची छोटी व्हॉल्व असलेली फिटिंग तुंबते. इंजिन अडखळतं किंवा बंद पडतं. फिटिंग काढून पाहा. त्यात कॉफीच्या भुकटीसारखे काळे कण दिसले तर साफ केल्याने काही दिवस निभेल, पण पंप रिबिल्डला द्यावाच लागेल. रिबिल्ड करताना नव्या पद्धतीची रिंग घालतात, हे दुकानदाराकडून खात्री करून घ्या.

पंप झिजल्याची खूण वेगळी आहे. थंड असताना नीट सुरू होते, पण तापलेली बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. इंजिन बंद असताना थंड पाण्यात भिजवलेलं फडकं पंपावर दहा मिनिटं ठेवा. मग सुरू झाली तर पंपाचं हेड झिजलं आहे.

पंपाच्या वरच्या झाकणाचं गास्केट घरी बदलता येतं, मात्र झाकण चुकीचं बसलं तर आतला गव्हर्नरचा (वेग आवरणाऱ्या यंत्रणेचा) दुवा अडकून इंजिन चावी बंद केली तरी पूर्ण वेगाने धावू शकतं. झाकण थोडं मागे टेकवून पुढे सरकवत बसवा. पहिल्यांदा सुरू करताना एअर फिल्टर काढून ठेवा आणि एक जण हवेच्या तोंडावर झाकायला जाड सपाट फळी घेऊन उभा राहू द्या. हात लावायचा नाही.

अमेरिकेत २००६ पासून मिळणाऱ्या कमी गंधकाच्या डिझेलमुळे जुन्या पंपाच्या सीलांना गळती लागते. नवी सील घाला आणि वंगण वाढवणारं, अल्कोहोल नसलेलं अॅडिटिव्ह टाकीत घालत जा.

ऑइल, पाणी आणि इंजिनाच्या मागचा व्हॅक्यूम पंप

इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४०, फिल्टरसकट ७ क्वार्ट म्हणजे सुमारे ६.६ लिटर. ३,००० मैलांनी किंवा वर्षातून एकदा बदला. कूलंट सुमारे २३ लिटर. डॅशवर ऑइल आणि तापमानासाठी फक्त दिवे आहेत, आणि दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. दोन साधे मेकॅनिकल मीटर बसवा.

पुढच्या क्रँक पुलीच्या आतलं रबर दर सहा महिन्यांनी टॉर्चने बघा. रबर बाहेर फुगलेलं किंवा तडकलेलं असेल तर पुली लगेच बदला. ६.२ चे क्रँकशाफ्ट तुटण्याचं हे ठरलेलं कारण आहे.

इंजिनाच्या मागे, पेट्रोल इंजिनात डिस्ट्रिब्युटर असतो त्या जागी व्हॅक्यूम पंप आहे. त्याच्याच गिअरवर ऑइल पंप फिरतो. तो काढून नुसतं भोक झाकलं तर ऑइलचा दाब शून्य होतो आणि इंजिन मिनिटांत जातं. काढायचा असेल तर त्या जागी ऑइल पंपाचा ड्राइव्ह घालावा लागतो.

टीएच४०० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक याच व्हॅक्यूमवर ठरवतो की गिअर कधी बदलायचा. गिअर उशिरा आणि धक्क्याने पडत असतील तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी सगळे व्हॅक्यूम पाइप बदला. गिअरबॉक्सवरच्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या मॉड्युलेटरचा पाइप काढून आत तेल आलंय का बघा. आलं असेल तर त्याचा पडदा फाटला आहे, एका बोल्टचं काम.

एनपी२०८ ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) गिअर ऑइल घालू नका. तिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच तेल, डेक्सरॉन, लागतं. दोन्ही डिफरन्शियलमध्ये ८०डब्ल्यू-९० जीएल-५, बाजूच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत.

ब्रेक

लष्कर डीओटी ५ हे सिलिकॉनचं ब्रेक ऑइल वापरत असे. जांभळट दिसतं. डीओटी ३ किंवा ४ त्यात मिसळू नका. मधल्या मालकाने बदललेलं असू शकतं, म्हणून आधी थोडं बाटलीत काढून रंग बघा. खात्री नसेल तर सगळं काढून, रबरं बदलून एकाच जातीचं भरा. एम१००८ मध्ये ब्रेकला मदत स्टिअरिंगच्या पंपाच्या दाबाने मिळते, त्यामुळे स्टिअरिंगचं तेल कमी झालं की पेडल जड होतं.

एम१००८ च्या मागच्या ड्रमसाठी वेगळी तयारी लागते. चाक काढल्यावर ड्रम हातात येत नाही. अॅक्सल शाफ्टचे आठ बोल्ट काढून शाफ्ट ओढा, मग बेअरिंगचे नट सोडा, मग हब आणि ड्रम एकत्र बाहेर येतात. एवढं उघडलंच आहे तर हबचं सील नवंच घाला. सील गळलं की ब्रेकच्या पट्ट्या तेलाने भिजतात, आणि भिजलेल्या पट्ट्या धुऊन परत वापरायच्या नसतात.

गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर

टाकी भरून ठेवा म्हणजे आत ओल धरत नाही. फिल्टरच्या ड्रेनमधून पाणी काढा. पुढच्या चाकांचे हाताने फिरवायचे हब मोकळ्यावर ठेवा. मेन स्विच बंद करा, दोन बॅटऱ्यांमधली वायर सोडा आणि प्रत्येकीला स्वतंत्र १२ व्होल्टचा छोटा चार्जर लावा. महिन्यातून एकदा इंजिन नुसतं सुरू करून पाच मिनिटांत बंद करणं टाळा. सुरू केलंच तर वीसेक मैल चालवून आणा, म्हणजे ऑइलमधली ओल उडते, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल सगळीकडे फिरतं, आणि ब्रेकही चिकटून बसत नाहीत.